‘रहिवासी’च्या जागी

मागच्या आठवड्यात आमच्या घरामागच्या खोल्या पाडायला काढल्या. एका ओळीत दहा खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. चाकणच्या बाजूला कंपन्या यायला लागल्या तेव्हा वडिलांनी कांद्याच्या वावरात त्या बांधल्या होत्या. आता तिथं तीन मजले चढणार आहेत. मशीन सुरू होण्याआधी मी प्रत्येक खोलीत डोकावून येत होतो. सात नंबरच्या खोलीत दारावरच्या फळीवर हात फिरवला, तर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. सतरा वर्षांत तिथं चार-पाच भाडेकरू राहून गेले, पण ती पिशवी कुणी हलवली नव्हती. मालकाची असेल असं वाटलं असणार त्यांना.

पिशवी सोडली. जुन्या कागदाचा वास आला आणि त्याच्या आत मुरलेला, मशीनच्या तेलाचा वास. मी उंबऱ्यावरच बसलो.

"काय सापडलं, भाऊ? सोनं का काय?" मशीनवाल्यानं वरून विचारलं.

"पुस्तक आहे."

"मग सरका की बाजूला. चालू करू द्या."

ती सात नंबरमधल्या आमच्या जुन्या भाडेकरूची, व्यंकटची डिक्शनरी होती. पुठ्ठा निखळलेला, त्याजागी कॅलेंडरचा जाड कागद शिवलेला. पहिल्या पानावर निळ्या शाईत: व्यंकट देवणीकर, खोली नं. ७. पानांचे कोपरे काळपट, कारण वाचणाऱ्याच्या बोटांच्या भेगांतलं काळं कितीही साबण लावला तरी निघत नसे.

मला जे लिहायचं आहे ते एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द मी लिहिला. त्यानं व्यंकटची नोकरी गेली आणि ती माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला मिळाली. डिक्शनरी सापडेपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सुरेशलाही नाही.

व्यंकट आला तेव्हा हिवाळा होता. इंद्रायणीवरून धुकं चढायचं आणि सकाळी कंपनीच्या बसचे दिवे आधी दिसायचे, बस मागून. तो आणि त्याची बायको मंदा रात्रभर ट्रॅव्हल्सनं प्रवास करून सकाळी दारात उभे राहिले. एक पत्र्याची पेटी आणि ज्वारीचं अर्धं पोतं.

"कुठलं म्हनायचं?" वडिलांनी विचारलं. त्यांना आम्ही आबा म्हणायचो.

"उदगीरकडलं, काका."

"म्हंजे लातूरवाले." आमच्या गावात सगळा मराठवाडा लातूरच होता. "आन् आडनाव देवणीकर. मग देवनीचं का?"

"न्हाई ओ. देवणी मी येस्टीच्या खिडकीतनं बघितलंय तेवढं."

हे त्याचं पहिलं वाक्य, जे मला लक्षात राहिलं. पुढं एकदा त्यानंच मला समजावलं. देवणीत राहणाऱ्याला कुणी देवणीकर म्हणत नाही. कधीतरी एखादा खापरपणजोबा देवणी सोडून दुसऱ्या गावी गेला, तिथल्या लोकांनी त्याला ते नाव दिलं. "गाव सुटल्यावर गावाचं नाव लागतं बग माणसाला. तुमा लोकांचं न्हाई सुटलं, म्हणून तुमा लोकांना लागलं न्हाई. कर म्हंजे हात. गावाचा हात धरून आलेला." मग म्हणाला, "कर म्हंजे टॅक्स बी हाय म्हणा."

तो बारावी झालेला होता. कॉलेज राहिलं ते राहिलंच. ही डिक्शनरी त्यानं पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून उचलली होती. तिच्यात अर्थाच्या शेवटी तो शब्द कुठून आला तेही बारीक अक्षरांत दिलेलं असे. लोक पेपरात आधी राशिभविष्य बघतात तसा तो आधी ते बारीक अक्षर बघायचा. मी कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क, म्हणजे हजेऱ्या, पास, नोटिसा. तो प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या विभागात, टेम्पररी. पहिली शिफ्ट सुटली की आंघोळ करून, ओले केस मागं सारून तो सात नंबरच्या पायरीवर मांडीवर ती डिक्शनरी घेऊन बसायचा. आत मंदा ज्वारीच्या भाकरी थापायची. आमच्याकडं बाजरीची. दोन्हींचा आवाज वेगळा असतो, हे मला त्या पायरीवर बसून कळलं. तिच्या भाकरीचा आवाज हलका आणि भराभर पडायचा, आईचा जड.

माणूस ज्या गावात राहतो त्यावरून त्याला इंग्रजीत काय काय म्हणतात, याचा त्याला विशेष नाद होता.

"व्हिलन," तो म्हणायचा. "मूळ अर्थ काय असंल?"

"खलनायक."

"न्हाई. व्हिला म्हंजे जमीनदाराचा शेतावरचा वाडा. तितं राबणारा तो व्हिलन. तुझं आख्खं गाव व्हिलन हाय, भावा!"

आबा गोठ्यातून ओरडायचे, "काय म्हनतोय रं त्यो?"

"तुम्हाला व्हिलन म्हणतोय, आबा."

"म्हनू दे. टाकी वाहून चाललीय, मोटार बंद कर म्हनावं त्याला आधी."

तो पळत जाऊन मोटार बंद करायचा आणि परत येऊन तिथूनच पुढं सुरू व्हायचा. पेगन म्हणजे धर्मबाह्य, पण मुळात खेड्यातला माणूस. बूर म्हणजे धसमुसळा, पण मुळात शेतकरीच. आणि नेबरमधला शेवटचा तुकडाही तोच. जवळचा शेतकरी तो नेबर. "म्हंजे तू माझा जवळचा बूर." शहरातल्याला मात्र सिटिझन, केवढा मान. मी म्हणालो, आपल्याकडंही तेच, नगरातला तो नागरिक आणि ग्राम्य म्हटलं की शिवी. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मंदाला हाक मारून ते सांगितलं. ती पिठाच्या हातानं दारात आली. "खेड्यातल्या माणसाला नावं ठेवायला पुस्तक कशाला लागतंय?" म्हणाली आणि परत गेली.

त्याचा आवडता शब्द डेनिझन. मुळात आतला, आतमध्ये राहणारा. पण इंग्लंडात म्हणे बाहेरून आलेल्या माणसाला काही हक्क देऊन आत घेतलं की त्याला डेनिझन म्हणत. "बग की. शब्दाचा अर्थ आतला, आन् लावायचा कुणाला, तर बाहेरच्याला. मी तुमच्या गावचा डेनिझन." बसमध्ये कुणी त्याला "ए लातूर, सरक" म्हटलं की तो शांतपणे म्हणायचा, "लातूर न्हाई राव, डेनिझन." पोरं हसायची. सुरेशही तोवर प्रेस शॉपला टेम्पररी लागला होता, तो सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

थंडीत त्यांची येळवस यायची, मराठवाड्यातली शेतातली अमावास्या. त्यांचं शेत दूर, म्हणून दुसऱ्या वर्षापासून ती आमच्या उरलेल्या वावरात व्हायला लागली. कडब्याची खोप, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवलेले, मडक्यात आंबील, आणि मंदानं पहाटेपासून शिजवलेली भज्जी. तिच्यात तूर, वाल, हरभरा, गाजर, बोरं, काय काय असायचं. आमच्या आईला आधी ते विचित्र वाटलं. मग तीच आठ दिवस आधी विचारायला लागली, "मंदे, यंदा भज्जी कवा?" व्यंकट आंबील शिंपडत पिकातून फिरायचा आणि काहीतरी ओरडायचा, कानडी वळणाचं. मी अर्थ विचारला. "म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "बाप ओरडायचा, मी ओरडतो." साऱ्या जगाच्या शब्दांची मुळं शोधणारा माणूस, आणि त्या आरोळीपाशी त्याला अर्थ लागत नव्हता. कांद्याच्या पातीवर पडलेल्या आंबिलाचा आंबट वास अजून माझ्या नाकात आहे.

खोल्यांतले सगळे मला मालक म्हणायचे. मंदा भाऊजी म्हणायची. आणि राखीला भाऊ म्हणून ओवाळायचीही.

त्याच पायरीवर, उन्हाळ्यात लाइट गेलेली असताना, त्यानं मला इनहॅबिटंट हा शब्द दाखवला होता. बॅटरीच्या उजेडात बोट ठेवून. "हॅबिट म्हंजे सवय. आन् ह्याच्या पोटात बी हॅबिट हाय. दोन्हीचं मूळ एकच, धरून ठेवणं. गाव धरून राहिलेला, गावाची सवय झालेला, तो इनहॅबिटंट." मग त्यानं बॅटरी विझवली, सेल वाचवायला. अंधारात म्हणाला, "मला आता तुमच्या पाण्याची सवय झालीय. गावाकडं गेलो तर पोट बिघडतं."

तेव्हा त्याला आमच्याकडं अकरा वर्षं झाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी हेड ऑफिसचं पत्र आलं. इंग्रजीत होतं, एकच पान. टेम्पररी लोकांतून काही जणांना पर्मनंट करायचं, आणि त्यात गावातल्यांना आधी घ्यायचं. गावातले कोण, तेही लिहिलं होतं. सलग आठ वर्षं गावात राहिलेले इनहॅबिटंट्स. प्रेस शॉपला एक जागा होती. साहेब दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नसे. पत्र माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "इसका मराठी बनाओ, शाम तक बोर्ड पे लगा दो."

मी टाइप करायला बसलो. शेजारी प्रेस शॉप. दर चार-पाच सेकंदांनी मोठी प्रेस खाली यायची आणि जमीन हलायची, टेबलावरचा चहा थरथरायचा. रोजचीच गोष्ट. त्या दिवशी मात्र मी प्रत्येक दणका मोजत होतो. 'गावात सलग आठ वर्षं राहणारे रहिवासी' असं मी टाइप केलं. ते बरोबर होतं. मग खोडलं. आठ वर्षंही गेली, रहिवासीही गेला. त्या जागी लिहिलं, 'मूळ गावकरी'.

मला कुणी सांगितलं नव्हतं. गावातलं कुणी मागं उभं नव्हतं, फोन आला नव्हता. सुरेशचं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांनी दोनदा विचारलं होतं, मुलगा पर्मनंट आहे का. व्यंकट त्याला सात वर्षांनी सीनियर होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. माझ्या बोटांना हे सगळं माहीत होतं, एवढंच. प्रिंट काढली, साहेबांनी न वाचता सही केली, आणि मी स्वतः ती बोर्डाच्या काचेआड लावली.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर व्यंकट माझ्या खिडकीशी आला. टाइम ऑफिसची खिडकी लहान असते, पास आत-बाहेर होईल एवढी. त्यातून त्याचा अर्धा चेहरा आणि डब्याची पिशवी दिसत होती.

"नोटीस वाचली," तो म्हणाला. "इंग्रजीत कुठला शब्द हाय रं?"

ते पत्र माझ्या खणात होतं. दीड हातावर.

"नेटिव्ह," मी म्हणालो.

"असं व्हय." त्यानं मान हलवली. बसचा हॉर्न वाजला म्हणून तो गेला.

संध्याकाळी मी पायरीकडं गेलो नाही. तोच आमच्या ओट्यावर आला, डिक्शनरी घेऊन. मला वाटलं, कळलं याला. पण तो हसत होता. "गंमत बग. नेटिव्ह आन् नाईव्ह सख्खे भाऊ हायेत. दोन्हीचं मूळ जल्म. एक इथं जल्मलेला, दुसरा जल्मला तसाच राहिलेला, म्हंजे भोळा." मग पुस्तक मिटून म्हणाला, "कंपनीचं बी बरोबरच हाय म्हणा. जल्म काय आपला इथला न्हाई."

त्यानं अर्ज केला नाही. सुरेशनं केला.

त्या आठवड्यात सात नंबरच्या भिंतीतून मंदाचा आवाज आमच्या मोरीपर्यंत येत होता. "जाऊन विचारा की सायबाला! अकरा वर्षं हाडं घासली, भांडा की जरा!" आणि त्याचा खालचा आवाज, "नियमच तसा हाय, मंदा. मी पुस्तकात बघितलं." मी नळ सोडून ठेवायचो, ऐकू येऊ नये म्हणून.

टेम्पररींना कंपनी दर काही महिन्यांनी कामावरून ब्रेक द्यायची; पुढच्या ब्रेकनंतर त्याला परत घेतलं नाही. टेम्पोत सामान भरताना त्यानं मला मिठी मारली. त्याच्या शर्टाला निरम्याचा आणि खाली मशीनच्या तेलाचा वास. ते माण गावाकडं गेले, आयटी पार्कच्या बांधकामांवर. मग फोन नंबर बदलले. त्या हिवाळ्यात वावरात खोप उभी राहिली नाही. आईनं एकदाच विचारलं, भज्जीचा दिवस गेला का.

डिक्शनरी सापडल्यावर दोन दिवस मी ती कपाटावर ठेवली. तिसऱ्या दिवशी एका जुन्या कामगाराकडून पत्ता मिळवला. सांगवीत, नदीच्या बाजूला, एका सोसायटीत व्यंकट वॉचमन आहे. दुपारी बाराला पोचलो. तो गेटवर खुर्चीत, अंगात निळा शर्ट, केस पूर्ण पांढरे. मला बघून उठलाच.

"आरं! म्हातारा झालास की रं तू!"

मग त्यानं रजिस्टर पुढं ओढलं, सवयीनं. त्यात दोन रकाने होते, रेसिडेंट आणि व्हिजिटर. "लिहावं लागतंय, कॅमेरा हाय. व्हिजिटर म्हणून टाकतो तुला. कुणाकडं आलास? तर माझ्याकडं. आन् मी रेसिडेंटमध्ये न्हाई." हसला. "फ्लॅट नंबरच्या जागी गेट लिहितो."

पार्किंगच्या कोपऱ्यात जिन्याखाली त्यांची खोली. त्यानं जोडीदाराला गेटवर बसवलं आणि मला आत नेलं. मंदा वरच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला गेली होती, एकच्या सुमाराला येणार होती. मी डिक्शनरी काढून दिली. त्यानं ती मांडीवर घेतली, उघडली नाही.

"ही मीच ठिवली होती फळीवर," तो म्हणाला. "नंतर वाचूशी वाटंना."

बाहेर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं. मी सांगितलं. पत्रातला शब्द कुठला होता, मी काय खोडलं, काय लिहिलं, खिडकीत काय खोटं बोललो. एकाच दमात, खाली बघून. त्याचा अंगठा डिक्शनरीच्या शिवणीवरून पुढं-मागं होत राहिला.

"इनहॅबिटंट," अखेर तो म्हणाला. "मीच दाखिवला होता न्हाई का तुला?"

"हो."

"बॅटरीत."

"हो."

तो उठला आणि घागरीतून पाणी घेऊन एकट्यानंच प्यायला. मग दाराकडं बघत म्हणाला, "मला सांगू नगंस. मंदाला सांग. सतरा वर्षं झाली, मी भांडलो न्हाई म्हणून ती मला बोलतीय. पोरांसमोर बोलतीय. आन् मी सतरा वर्षं तिला सांगतोय, नियम तसाच होता, माझ्या दोस्तानं स्वतः वाचला होता. आता येईल ती. माझ्यासमोर सांग."

ती आली, हातात फ्लॅटमधून दिलेल्या पोळ्यांचा डबा. मला ओळखलं आणि तोंडभर हसली. "भाऊजी! आई कशा हायेत?"

आई गेल्याचं आधी सांगावं लागलं. मग ते. दुसऱ्यांदा सांगताना कळलं की पहिल्यांदा मी बरंच मऊ करून सांगितलं होतं. 'मला कुणी सांगितलं नव्हतं' हे वाक्य मी व्यंकटला सांगितलंच नव्हतं. तिनं ते विचारून काढलं. "कुणी लिव्हायला लावलं?" "कुणी नाही." "मग?" "मीच."

ती माझ्याकडं बघेना. व्यंकटकडं बघत होती. त्यानं मान खाली घातली होती, जणू लाज त्यालाच वाटायला हवी. तिनं डबा खाली ठेवला, पदरानं कपाळ पुसलं. तिचे ओठ हलले, पण जे सतरा वर्षं ती त्याला बोलत आली होती ते परत कसं घ्यायचं हे तिला कळत नसावं.

मग माझ्याकडं वळून विचारलं, "सुरेशभाऊजींना म्हाईत हाय?"

"नाही."

"मग आमाला सांगून काय उपेग? इथं रडून मोकळं व्हायला आलाव? तिकडं सांगा आधी." आणि तशाच आवाजात, "चहा टाकू का, मालक?"

मी नको म्हणालो. व्यंकट गेटपर्यंत आला. माझ्या नावापुढं बाहेर पडण्याची वेळ लिहिली. "बस समोरच्या कोपऱ्यावर मिळंल तुमाला," म्हणाला. सबंध ओळखीत तो मला कधी तुम्ही म्हणाला नव्हता.

आज सुरेश पहिल्या शिफ्टहून आला तेव्हा मी ओट्यावर वाट बघत होतो. मागं खोल्यांच्या जागी विटांचा ढीग होता, हवेत चुन्याची धूळ. त्यानं बूट काढले, पायांवर पाणी घेतलं. त्याची मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाईल. वरचा मजला त्यानं कंपनीच्या कर्जावर बांधला. हे सगळं मला त्याच्या ओल्या पायांकडं बघताना दिसत होतं, आणि मी बोलायला सुरुवात केली.

शेवटी तो म्हणाला, "हे मला कशाला सांगितलंस, दादा?"

मी टॉवेल पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

"मशीन मला त्यानं शिकवली," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यात माझा हात आत होता आणि प्रेस सुटली होती. त्यानं कॉलर धरून मागं ओढलं. घरी सांगू नको म्हणालो होतो त्याला. म्हणून तुला माहीत नाही."

नळ चालूच होता. त्यानं तो बंद केला.

"सांगवीत कुठं?"

मी पत्ता सांगितला. "थांब, मीही येतो."

"तू नको."

त्यानं गाडी काढली, फाटकापर्यंत नेली आणि थांबवली. अंगावर कंपनीचा शर्ट होता, खिशावर त्याचं नाव विणलेलं. गाडी तशीच स्टँडवर लावून तो माझ्याजवळून आत गेला. थोड्या वेळानं घरातला, कॉलर विरलेला साधा शर्ट घालून बाहेर आला. बटणं लावत लावतच त्यानं गाडीला किक मारली.